हॉलमध्ये घाम, मागच्या खोलीत हुडहुडी

पत्र असं आहे:

«ताई, आम्ही भाड्याच्या घरात राहतो. एकामागे एक अशा तीन खोल्या. स्वयंपाकघरात गॅसचा बॉयलर आणि प्रत्येक खोलीत गरम पाण्याचा रेडिएटर. हॉलमध्ये स्वेटर नकोसा होतो आणि मागच्या खोलीत पायांचा बर्फ होतो. तिथे माझे सासरे झोपतात, वय ७६. त्यांच्यासाठी आम्ही हॉलमधला थर्मोस्टॅट २४ वर नेला, मग प्लगवर चालणारा हीटर आणला, मग आणखी एक. बिल जवळजवळ दुप्पट झालं. घरमालकांना दोनदा फोन केला, 'जुनी इमारत आहे, असंच असतं' एवढंच उत्तर मिळालं. कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके आलेत. नवरा म्हणतो, सारखं चालू-बंद करण्यापेक्षा हीटिंग दिवसभर चालू ठेवलं तर स्वस्त पडतं. परवा रात्री उठले तर बाबांनी स्वतःच हीटर बंद केला होता आणि दोन पांघरुणांत कुडकुडत बसले होते. म्हणाले, 'माझ्यापायी बिल नको वाढायला.' मला रडूच आलं. हे घर सोडावं का?»

आधी बाबांचं बोलू, मग बिलाचं. आज रात्रीच त्यांचं अंथरूण मधल्या खोलीत घाला. हवं तर तुम्ही दोघं मागे झोपा, किंवा ती खोली काही दिवस सामानाची होऊ दे. घराची दुरुस्ती होईल तेव्हा होईल, तोवर ७६ वर्षांच्या माणसाने घरातल्या सगळ्यात गार खोलीत झोपायचं काही कारण नाही. वय वाढतं तसा गारठा शरीराला उशिरा कळतो, म्हणून त्यांच्या 'मला चालतंय'वर जाऊ नका, तापमापकावर जा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या दिवसांत घरातलं तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावं असं म्हटलं आहे, आणि वृद्ध, लहान मुलं, आजारी माणसं यांना त्याहून जास्त ऊब लागू शकते. बाबा कधी गुंगीत वाटले, बोलताना अडखळू लागले, पांघरुणातही त्यांचं पोट हाताला गार लागलं, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा.

आणि त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगा: बिल त्यांच्यामुळे वाढलेलं नाही. समजूत काढायला हे सांगायचं नाहीये, ते खरंच आहे. कसं ते पाहा.

तुमचा थर्मोस्टॅट हॉलमध्ये आहे. त्याला फक्त हॉल कळतो. हॉल तापला की तो बॉयलरला 'पुरे' म्हणतो आणि बॉयलर थांबतो. मागची खोली तेव्हा कुठे तापायला लागलेली असते. मग तुम्ही काटा २४ वर नेता. हॉल नको तितका तापतो, मागे अंशभर फरक पडतो, आणि उरलेली कसर भरायला विजेचे हीटर लावता. म्हणजे एक खोली गार राहते म्हणून सगळं घर जास्त तापवलं जातंय. गार खोली आणि मोठं बिल ही दोन दुखणी नाहीत. एकच आहे, आणि ते पाण्याच्या वाटणीत आहे. म्हणून नवा हीटर, नवं यंत्र, जाड पडदे, यातलं काहीही विकत आणायच्या आधी ही वाटणी तपासायची.

दोन साधे तापमापक आणा. एक हॉलमध्ये, एक मागच्या खोलीत, माणसाच्या कमरेच्या उंचीवर. खिडकीजवळ नको, रेडिएटरवर नको. आठवडाभर सकाळी उठल्यावर, दुपारी आणि झोपण्याआधी आकडे वहीत लिहा. शेजारी मीटरचा आकडाही लिहा, गॅसचा वेगळा, विजेचा वेगळा. हे काम बाबांना द्या. खरंच द्या. ज्या माणसाला आपण घराला भार झालो असं वाटतंय, त्याच्या हातात घराचा हिशेब द्यावा, आणि घरात दिवसभर असणारे तेच आहेत.

मीटर पाहताना बिलावरही नजर टाका. वाचन प्रत्यक्ष घेतलेलं आहे की अंदाजे धरलेलं? अंदाजाचं बिल दोन-तीन महिने चुकीचं चालतं आणि मग एकदम अंगावर येतं. मीटरचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळतो का तेही पाहा. जुन्या इमारतीत दोन घरांच्या मीटरांची अदलाबदल झालेली असू शकते.

आता रेडिएटरकडे. हीटिंग सुरू करून अर्ध्या तासाने मागच्या रेडिएटरला हात लावा, वरून खालपर्यंत. वर गार आणि खाली गरम असेल तर आत हवा अडकली आहे. वरच्या बाजूला गरम आणि खाली मधोमध गार असेल तर तळाशी गाळ बसलाय. सगळाच कोमट असेल तर त्याच्यापर्यंत पाणीच पुरेसं पोचत नाही. या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत, आणि एक हात फिरवला की कळतं कुठला करायचा.

हवा काढणं भाडेकरूला सहज जमतं. मी भाड्याच्या घरात चार हिवाळे काढले, त्यातला पहिला या अडाणीपणात गेला की रेडिएटर म्हणजे घरमालकाची वस्तू, आपण हात लावायचा नाही. दुसऱ्या हिवाळ्यात वरच्या मजल्यावरच्या आजींनी त्यांची छोटी चौकोनी किल्ली दिली आणि शेजारी उभं राहून दाखवलं. हीटिंग बंद करायचं, रेडिएटर गार होऊ द्यायचा. टोकाला वरच्या बाजूला एक लहानसा चौकोनी खिळा दिसतो, त्याखाली फडकं आणि वाटी धरायची. किल्ली घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा, अगदी हळू. फुस्स आवाज येतो, धातूचा जुनाट वास येतो. माझ्या त्या रेडिएटरमधून तो आवाज पाऊण मिनिट चालला होता. मग एक-दोन थेंब थुंकल्यासारखे उडाले आणि पाण्याची बारीक धार लागली, काळी, फडक्यावर शाईसारखा डाग पडला. धार लागली की लगेच बंद करायचं. तो खिळा फिरवून पूर्ण बाहेर काढायचा नाही कधीच. नंतर बॉयलरवरचा दाबाचा काटा पाहायचा. बहुतेक बंदिस्त यंत्रणांमध्ये गार असताना तो १ ते १.५ बारच्या दरम्यान असावा लागतो. त्याखाली गेला असेल तर पुन्हा पाणी भरायची रीत बॉयलरच्या माहितीपुस्तिकेत असते, ती घरमालकांकडे मागा. काटा दर थोड्या दिवसांनी खाली येत असेल तर कुठेतरी गळती आहे, तिथे तुम्ही हात घालू नका.

तुमच्या वर्णनावरून मला मात्र तिसरी गोष्ट जास्त वाटते, पाण्याच्या वाटणीची. पाणी सोप्या वाटेने जातं. बॉयलरजवळचा रेडिएटर भरभरून घेतो आणि शेवटच्याला उरलंसुरलं येतं. रेडिएटरला दोन टोकांना दोन व्हॉल्व्ह असतात. एकावर आकड्यांची मूठ असते, ती रोजच्या वापराची. दुसरा प्लॅस्टिकच्या टोपीखाली लपलेला असतो, आणि वाटणी ठरते ती त्याने. हॉलच्या रेडिएटरचा हा लपलेला व्हॉल्व्ह थोडा आवळला की तिथलं पाणी कमी होतं आणि मागे जास्त जातं. हॉल सावकाश तापतो, बॉयलर जास्त वेळ चालतो, आणि तेवढ्या वेळात मागची खोलीही तापते. थर्मोस्टॅट मग २४ वरून २० वर आणता येतो. याला रेडिएटरांचं संतुलन म्हणतात. कुशल माणसाचं हे तासा-दोन तासांचं काम आहे आणि ते घरमालकांनी करून द्यायचं आहे. त्यांच्या लेखी संमतीने स्वतः करणार असाल तर आधी व्हॉल्व्ह पूर्ण बंद करताना किती फेरे लागले ते मोजून वहीत लिहा, म्हणजे बिघडलं तरी होतं तिथे आणता येईल. मग एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त बदल नको, आणि प्रत्येक बदलानंतर एक दिवस थांबा.

थर्मोस्टॅट बिनतारी असेल, म्हणजे भिंतीवरून उचलता येत असेल, तर काम आणखी सोपं. तो मागच्या खोलीत ठेवा, तिथली मूठ पूर्ण उघडी ठेवा आणि हॉलच्या रेडिएटरची मूठ ३ वर आणा. अशा मुठींवर ३ म्हणजे साधारण २० अंश. आता बॉयलर गार खोलीचं ऐकेल आणि हॉल आपल्यापुरतं घेऊन थांबेल. हॉलच्या रेडिएटरसमोर सोफा असेल, मागच्यावर पडदा लोंबत असेल, तर तेही आजच बाजूला करा.

हीटरविषयी माझं मत कडक आहे. प्लगवर चालणारा कुठलाही हीटर, तेलाचा असो, पंख्याचा असो, महागडा असो, एक युनिट वीज घेऊन एक युनिट उष्णता देतो. 'कमी विजेत जास्त ऊब' असं खोक्यावर छापलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका. २००० वॅटचा हीटर सहा तास चालला की १२ युनिटं. तुमचे दोन, म्हणजे एका रात्रीत २४. तुमच्याच बिलावर गॅसचा आणि विजेचा प्रतियुनिट दर शेजारी शेजारी ठेवून पाहा. बहुतेक ठिकाणी वीज गॅसच्या कितीतरी पट महाग असते. तुमचं बिल दुप्पट कशाने झालं ते तिथेच दिसेल असं मला वाटतं.

खोली तापवण्याऐवजी माणूस तापवणं फार स्वस्त पडतं. विजेवर गरम होणारं पांघरूण साधारण १०० वॅट घेतं, सहा तासांत ०.६ युनिट. आपोआप बंद होणारंच घ्या. बाबांना मधुमेहामुळे पायांना संवेदना कमी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, पायाला चटका बसलेला त्यांना कळणार नाही. अंथरूण आधी तापवून, झोपताना बंद केलं तरी पुष्कळ. पण पांघरूण खोलीच्या १८ अंशांची जागा घेत नाही, तेवढं तापमान हवंच. हीटर लावावाच लागला तर थेट भिंतीच्या प्लगमध्ये, एक्स्टेंशनवर नाही, आणि पडदा-पांघरुणापासून मीटरभर लांब.

नवऱ्याच्या म्हणण्याचं: नाही, दिवसभर चालू ठेवणं स्वस्त पडत नाही. आत-बाहेरच्या तापमानात जितकं अंतर, तितकी ऊब भिंती-खिडक्यांतून बाहेर जाते, आणि जितके तास ते अंतर टिकवाल तितके तास जात राहते. पुन्हा तापवायला लागतं ते इंधन या गळतीपेक्षा कमी असतं. बाहेर ५ आणि आत २१ असेल तर अंतर १६ अंशांचं. आत एक अंश कमी केला तर गळती सोळाव्या हिश्शाने कमी, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. २४ वरून २० वर आलात तर किती, ते तुम्हीच मांडा. पण बाबा दिवसभर घरात असतात, म्हणून ते बसतात ती खोली दिवसाही १८ च्या खाली जाऊ देऊ नका. नवऱ्याचा शब्द पूर्ण चुकीचा नाही एवढं त्यांना सांगा, बाकीच्या खोल्यांना मात्र तो लागू नाही.

खिडकीजवळ बसलं की तापमापक २० दाखवत असतानाही अंगावर काटा येतो, कारण गार काच शरीराची ऊब खेचते. एकेरी काचेच्या एक चौरस मीटरमधून, बाहेर शून्य आणि आत २० असताना, शंभर वॅटहून जास्त उष्णता सतत बाहेर जाते. घर तुमचं नाही, खिडक्या बदलता येणार नाहीत. पण चौकटीला चिकटवून ताणायची पारदर्शक फिल्म मिळते, ती काचेपुढे हवेचा थर अडकवते आणि ही गळती जवळजवळ निम्म्यावर आणते. घर सोडताना ती काढूनही टाकता येते. टिश्यू पेपरची पट्टी हातात धरून खिडकीच्या कडेने आणि दाराखालून फिरवा. जिथे ती थरथरते तिथे फट आहे. दाराखाली जुन्या चादरीची गुंडाळी, खिडकीला फोमची चिकटपट्टी. बॉयलरच्या खोलीतली हवेची झडप मात्र कधीही बुजवू नका, आणि ऊब म्हणून गॅसची शेगडी किंवा कोळसा पेटवू नका. अपुऱ्या हवेत जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. त्याचा अलार्म घरात नसेल तर या महिन्यातली पहिली खरेदी तीच असू द्या.

काळे ठिपके म्हणजे बुरशी. २० अंशांच्या हवेत ६० टक्के दमटपणा असेल तर १२ अंशांच्या भिंतीवर दव धरतं, आणि बाहेरच्या भिंतीला चिकटलेल्या कपाटामागे तेवढा गारवा सहज असतो. कपाट वीतभर पुढे ओढा. कपडे त्या खोलीत वाळवू नका, एका धुण्यातून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं. दिवसातून दोनदा खिडक्या पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्या. दिवसभर किलकिली ठेवलेली खिडकी भिंत गार करते आणि ओल तशीच ठेवते. ठिपके पुसण्याआधी तारखेसह फोटो काढा, ते लागणार आहेत.

कारण यापुढचं काम घरमालकांचं आहे. त्यांना घाई नाही याचं कारण साधं आहे: बॉयलर त्यांचा, बिल तुमचं. दुरुस्तीचा खर्च त्यांच्या खिशातून आणि बचत तुमच्या खिशात, म्हणून फोनवरचं बोलणं हवेत जातं. आता फोन नको. लिहा, साधं आणि आकड्यांसह. असं काहीसं:

«सप्रेम नमस्कार. गेले आठ दिवस घरातलं तापमान नोंदवलं आहे, तक्ता सोबत जोडत आहे. हॉलमध्ये २३ ते २४ अंश असताना मागच्या खोलीत १५ ते १६ अंश राहतात. त्या खोलीतला रेडिएटर पूर्ण तापत नाही. भिंतीवर बुरशी आली आहे, फोटो जोडले आहेत. घरात ७६ वर्षांचे गृहस्थ आहेत. कृपया रेडिएटरांचं संतुलन, गाळाची तपासणी आणि बॉयलरची वार्षिक देखभाल चौदा दिवसांत करून द्यावी. कारागीर कधी येणार ते लेखी कळवावं, आम्ही घरी थांबू.»

आकडे अर्थात तुमच्या वहीतले घाला. यात राग नाही, पण नाही म्हणायला जागाही नाही. कारागीर आला की त्याला आणखी एक विचारा: रेडिएटरना जाणारं पाणी बॉयलर किती अंशांवर पाठवतो? नव्या धाटणीचा, धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळवणारा बॉयलर असेल तर परतीचं पाणी साधारण ५५ अंशांखाली असल्याशिवाय ती बचत नीट होत नाही, आणि पुष्कळ घरांत तो ७०-८० वर लावून ठेवलेला असतो. वाटणी सुधारल्यावर तो ६० च्या आसपास आणून पाहता येतो. घरात गरम पाण्याची साठवण टाकी असेल तर तिचं तापमान मात्र ६० च्या खाली नको, कोमट साठ्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात.

चौदा दिवसांत काहीच झालं नाही तर करारातलं दुरुस्तीचं कलम वाचा आणि तुमच्या भागातल्या भाडेकरू संघटनेकडे किंवा कायदेविषयक मदत केंद्राकडे वही, फोटो आणि पत्राची प्रत घेऊन जा. अनेक देशांत हीटिंग चालू स्थितीत ठेवणं ही कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे. मनाने भाडं अडवू नका. कायद्याचा सल्ला न घेता भाडं थांबवलं की बरोबर असलेला भाडेकरूही अडचणीत येतो.

घर सोडावं का, हे मला आत्ता सांगता येणार नाही, आणि तुम्हीही आत्ता ठरवू नका. एकेरी काचा आणि बिनवाटणीचे रेडिएटर पुढच्या घरातही असू शकतात. संतुलन करून, थर्मोस्टॅट २० वर ठेवून, हीटर बंद ठेवून एक महिना काढा आणि मीटरचे आकडे पहिल्या आठवड्याशी ताडून पाहा. तरीही मागची खोली १८ पर्यंत येत नसेल आणि घरमालक ढिम्म असतील, तर घर शोधायला लागा. पाहायला जाल तेव्हा संध्याकाळी जा, हीटिंग लावायला सांगा, सगळ्यात लांबच्या रेडिएटरला हात लावा, आणि आधीच्या भाडेकरूची हिवाळ्यातली बिलं मागा.

एक महिन्यानंतर बाबांच्या वहीतले आकडे मला पाठवा. त्यांच्याच अक्षरात.